पाच इंच

"दोरी ताण. अजून ताण. वाजली पायजे."

आबा पलीकडच्या टोकाला उकिडवे बसले होते आणि मी गोलच्या उजव्या खांबाच्या आतल्या कडेला दोरीची गाठ बोटानं दाबून धरली होती. शनिवारची सकाळ होती. पागेच्या मैदानावर आम्ही दोघं बापलेक आणि एक कुत्रं, बाकी कोणी नव्हतं. आबांनी दोरीला टिचकी मारली, ती वाजली, तिचा हिसका माझ्या बोटाला बसला. मग त्यांनी त्यांच्या टोकाच्या गाठीशी खुंटी ठोकली आणि वर न बघताच कुदळीसाठी हात पुढं केला.

मी कुदळ घेऊन गेलो आणि खुंटीकडं बघून तिथंच थांबलो. डाव्या बाजूचा मोडलेला खांब ज्या खड्ड्यात होता, तो खड्डा राहिला आत आणि खुंटी गेली बाहेर. चांगली वीतभर नाही, पण अर्ध्या वितीपेक्षा जास्तच.

"आबा, जुना खड्डा हितं हाय."

"दिसतंय मला."

"मग खुंटी चुकली न्हवं?"

"खड्डा चुकलाय," आबा म्हणाले. "चोवीस फूट म्हंजे चोवीस फूट. आतल्या कडंपासनं आतल्या कडंपातूर. कुदळ दे."

एवढ्या पाच इंचांसाठी मी का घाबरावं, हे कळायला आमचं कोल्हापूर थोडं माहीत असावं लागतं. आमच्याकडं पेठेपेठेत तालीम, आणि प्रत्येक तालमीचा फुटबॉलचा संघ. मॅचच्या दिवशी सख्खे साडू एकमेकांना ओळख देत नाहीत. मी रणझुंजार तालमीचा गोली. वयाच्या बाराव्या वर्षापासून नऊ वर्षं मी पागेच्या मैदानावरच्या ह्याच गोलमध्ये उभा राहिलो होतो. गोलीला पाठीमागचे खांब दिसत नसतात, ते त्याच्या अंगात असावे लागतात. झोपेतून उठवून उभं केलं असतं तरी डावा खांब कुठं आहे हे मी हात लांब करून दाखवलं असतं. आणि आता, फायनलच्या आदल्या दिवशी, माझे वडील तो खांब पाच इंच बाहेर सरकवत होते.

साल एकोणीसशे शहाऐंशी. रविवारी चिंचेच्या तालमीशी आमची फायनल होती आणि ती बघायला मडगावच्या एका मोठ्या क्लबाचे कोच सिकेरासाहेब येणार होते. त्यांना एक गोली हवा होता. पगारी. फुटबॉल खेळायचा आणि त्याचा महिन्याला पगार घ्यायचा, ही गोष्ट आमच्या गल्लीत कोणी ऐकलीसुद्धा नव्हती. आमचे वस्ताद हिंदूरावमामा यांनी कुठून कुठून शब्द टाकून त्यांना आणायचं जमवलं होतं. आणि माझा आबांशी करार ठरलेला होता. ह्या हंगामात फुटबॉलनं पोटापाण्याचं काही झालं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून आबांच्या कामाच्या जागी, सुतारमेटात, रंधा हातात घ्यायचा. आबा शब्दाला पक्के. सोमवारसाठी त्यांनी माझा रंधा धार लावून ठेवलासुद्धा होता.

खांब मोडला तो आमच्याच कर्मानं. सेमीफायनल जिंकल्यावर रणझुंजारची तीसेक पोरं आनंदाच्या भरात आडव्या बारवर जाऊन बसली. बार मध्ये मोडला आणि जाताना डाव्या खांबाला घेऊन गेला. मैदानाचं काम करणारे मिस्त्री लेकीच्या लग्नाला गावी गेलेले. म्हणून हिंदूरावमामा आमच्या घरी आले, ते मनात भीतच. कारण आमच्या आबांना, ज्ञानू सुताराला, फुटबॉलचं वावडं आहे हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. मी इतकी वर्षं खेळलो, पेपरात दोनदा नाव आलं, पण आबांनी पागेच्या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. मंडईला जातानासुद्धा ते मैदानाकडचा जवळचा रस्ता सोडून लांबून जायचे.

मामांनी खांब मोडल्याचं सांगितलं तेव्हा आबांचा हातातला चहा हातातच राहिला. कुठला खांब, असं त्यांनी विचारलं. दक्षिणेकडच्या गोलचा, डाव्या हाताचा, असं मामा म्हणाले. त्यावर आबा जे उठले ते थेट मेटाच्या मागच्या भिंतीकडं गेले. तिथं एक पंचवीस फुटी सागवानी वासा मी जन्मल्यापासून आडवा पडून होता. घराच्या आढ्यासाठी किती जणांनी मागितला, दुप्पट किंमत देऊ केली, आबांनी कुणाला दिला नाही. आई त्या वाश्याला आबांची दुसरी बायको म्हणायची. तो वासा आबांनी फडक्यानं पुसला आणि म्हणाले, "ह्यो बार हुईल. पर काम माज्या मापानं हुईल. मधी कुनी बोलायचं न्हाई."

तर आता मधे बोलणारा मीच निघालो होतो. मी आबांच्या शेजारी बसलो आणि जमेल तेवढं गोड बोलून सांगितलं, की एवढी फायनल होऊ दे, जुन्याच खड्ड्यात खांब बसवा, सोमवारी मी स्वतः खणून हवा तिथं हलवून देतो. आबा खणत राहिले. मग मी चिडलो. उद्या माझं सगळं आयुष्य ह्या गोलमध्ये ठरणार आहे आणि तुम्ही बाप असून पायात पाय घालताय, असं म्हणालो. आबा खणतच राहिले.

"अहो, पाच इंच कुनाला दिसत्यात?" मी शेवटी म्हणालो.

आबा थांबले. कुदळीच्या दांड्यावर हात ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं.

"मला दिसत्यात," ते म्हणाले, आणि परत खणायला लागले.

मी तिथून तडक हिंदूरावमामांकडं गेलो. वाटलं होतं, मामा येऊन आबांना दोन शब्द सुनावतील. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले. म्हणाले, नियमात चोवीस फूटच आहे, तुझ्या बाला शहाणपण शिकवायला मी खुळा आहे काय. मग डोळा बारीक करून म्हणाले, की जे झालं ते बरंच झालं, चिंचेच्या मुबारकला हे माहीत नाही, तू तोंड मिटून बस. मुबारक शिकलगार म्हणजे चिंचेच्या तालमीचा गोली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, वाऱ्याशी पैज लावणारा गडी. मैदानाबाहेर आम्ही एकाच टपरीवर चहा प्यायचो. मी तोंड मिटून बसलो. खोटं कशाला सांगू, मला ते मामांचं बोलणं आवडलंच.

रविवारी चार वाजता मैदान फुलून गेलं होतं. झाडांवर पोरं, भिंतीवर पोरं, पलीकडच्या घरांच्या गच्च्यांवर बायामाणसं. आणि दक्षिणेकडच्या गोलमागं, दोरीच्या आत, आमचे आबा. स्वच्छ धोतर, टोपी, शेजारी हत्यारांची पिशवी. खांब ताजा बसवलाय, मुरूम अजून धरायचाय, लक्ष ठेवायला पाहिजे, असं त्यांनी पंचांना सांगून तिथं बसायची परवानगी काढली होती. लोकांना वाटलं, ज्ञानू मिस्त्री शेवटी पोराचा खेळ बघायला आला. मला ठाऊक होतं, ते खांब बघायला आलेत.

आणि मॅच सुरू व्हायच्या आधी त्यांनी काय करावं? मुबारक त्या बाजूनं पळत चालला होता, त्याला हाक मारून थांबवलं आणि चार लोकांत सांगितलं, "पोरा, हिकडला गोल डाव्या हाताला पाच इंच वाढलाय. एका हाफात तुला हितं यायचं हाय. ध्यानात ठिव."

हिंदूरावमामांनी कपाळावर हात मारला. पण मुबारक पडला दहा उन्हाळे जास्त पाहिलेला. त्यानं आबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हसत हसत माझ्याजवळ येऊन म्हणाला, "व्हय रं, बापाला बी कामाला लावलास? डोस्कं खायचा डाव चांगला हाय. पर ह्या मुबारकचं डोस्कं खाऊन खाऊन लोकांचं दात पडलंत." आणि शीळ वाजवत गेला. आबांनी मात्र आपलं कर्तव्य केल्यासारखं पिशवीवर हात ठेवला आणि बसले.

पहिल्या हाफात तो गोल माझ्या वाट्याला आला. वीस मिनिटं सगळं सुरळीत चाललं होतं. दोन उंच बॉल मी गर्दीतून काढले. सिकेरासाहेब खुर्चीतून पुढं झुकून बघताना दिसले. पांढरा शर्ट, गुडघ्यावर वही. मी मनातल्या मनात मडगावात पोचलो होतो.

एकविसाव्या मिनिटाला चिंचेच्या सदा चौगल्यानं लांबून एक जमिनीलगत फटका मारला. बॉल माझ्या डाव्या हाताला चालला होता. जोर फार नव्हता. माझ्या अंगानं त्याच क्षणी हिशोब करून सांगितलं, की हा खांबाच्या बाहेरच्या कडेला घासून बाहेर चाललाय. गोलीची एक ऐट असते. बॉल बाहेर जातोय हे कळलं, की तो उडी मारत नाही. दोन्ही हात बाजूला पसरतो आणि रुबाबात त्याला जाऊ देतो. सगळ्या मैदानाला दिसावं, की ह्याला आपला गोल ठाऊक आहे. मी हात पसरले. मान थोडी वळवून सिकेरासाहेबांच्या बाजूला बघितलंसुद्धा. बॉल संथपणे गेला, नव्या खांबाच्या आतल्या अंगाला हलकेच लागला आणि जाळ्यात जाऊन बसला.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग चिंचेवाल्यांनी जो कल्ला केला तो पंचगंगेपर्यंत ऐकू गेला असेल. मी अजून हात पसरून उभा होतो, पाहुण्यांचं स्वागत करायला दारात उभं राहतात तसा. सिकेरासाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मागं वळलो तर आबा उठून खांबाजवळ आले होते. मला वाटलं, काहीतरी धीराचं बोलतील. त्यांनी खांबावर तळवा ठेवला, हलवून बघितला, आणि परत जाऊन बसले.

हाफटाइमला मामांनी विचारलं, झोपला होतास काय. मी म्हणालो, त्यांना विचारा, आणि आबांकडं बोट दाखवलं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. सोमवारचा रंधा डोळ्यांपुढं दिसत होता. सख्ख्या बापानं पोराला असं भर मैदानात उघडं पाडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या हाफात बाजू बदलल्या आणि मुबारक त्या गोलमध्ये गेला. जाता जाता त्यानं मला विचारलं, की लेका, असा कसा सोडलास. मी खरं तेच सांगितलं, की आबा म्हणाले ते खोटं नव्हतं. तो परत हसला. म्हणाला, आता मात्र तू अती करतोयस.

मॅच संपायला दहा मिनिटं होती तेव्हा आमच्या फॉरवर्डनं तिरका फटका मारला. मुबारकनं उडी घेतली, काय झकास उडी होती ती, आजही आठवते. बॉलला त्याची बोटं लागली. रोजच्यासारखा त्यानं तो खांबाबाहेर काढायला ढकलला. पण ढकलला तिथं खांब नव्हता. खांब पाच इंच पलीकडं होता. बॉल खांबाच्या अलीकडून आत गेला. एक-एक. मुबारक मातीत पालथा पडल्या पडल्या मान वर करून बघत होता, ते आबांकडं. आबांनी एक हात वर केला आणि पाची बोटं पसरून दाखवली. गोलमागची माणसं पोट धरधरून हसली, आणि मुबारकही मातीत तोंड खुपसून हसला. माझासुद्धा निम्मा राग तिथं गेला. बापानं माझी गय केली नव्हती, पण दुसऱ्याचीही केली नव्हती.

मॅच बरोबरीत सुटली. टायब्रेकर. नाणं उडालं आणि पंचांनी दक्षिणेकडचाच गोल दाखवला. पाच पाच किका, पहिल्या आमच्या. मुबारक आता शहाणा झाला होता. त्यानं डाव्या खांबापर्यंत जाऊन पावलं मोजली, आबांना नमस्कार केला आणि आमची एक किक त्याच कोपऱ्यात अडवली. त्यांच्या एकानं बारवरून मारली. मी मात्र चारांतली एकही अडवू शकलो नव्हतो. उडी मारायचो आणि अंगात शंका असायची. खांब कुठं आहे, हेच जर ठाऊक नसेल तर हात कुठवर न्यायचा? शेवटी हिशोब असा राहिला, की आमचे चार, त्यांचे तीन आणि त्यांची शेवटची किक. घालवली तर फायनल आमची, गोल झाला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि मारायला आला सदा चौगले.

सदा पेनल्टी कुठं मारतो हे शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं. गोलीच्या डाव्या हाताला, जमिनीलगत, खांबाला घासून. माहीत असूनही अडवता यायची नाही. फक्त मी त्याला दोनदा अडवलं होतं, ह्याच गोलमध्ये, आणि रणझुंजारचा निवास सुतार असं जे माझं नाव झालं होतं ते त्या दोन पेनल्ट्यांवर. सिकेरासाहेबांना मामांनी त्याच दोन पेनल्ट्या तिखटमीठ लावून सांगितल्या होत्या. म्हणजे साहेब जे बघायला एवढ्या लांबून आले होते, ते आत्ता होणार होतं.

मी गोलमध्ये उभा राहिलो आणि सवयीनं डाव्या खांबाकडं वळून बघायला लागलो. तेवढ्यात मागून आवाज आला. मोठा नव्हता. मेटात काम सांगताना यायचा तसाच.

"निवास. खांबाकडं बगू नगंस. दोरी आठव."

मी वळलो नाही. आधी उजव्या खांबाला पाठ लावली. आदल्या दिवशी जिथं गाठ दाबून धरली होती तिथं बोट ठेवलं. टिचकी मारल्यावर दोरीचा जो हिसका बसला होता तो बोटाला आठवत होता. तेवढ्या लांबीला दुसरं टोक आहे. नऊ वर्षांची सवय काय सांगतेय ते नाही, दोरी काय सांगतेय ते. मी मध्यावर येऊन उभा राहिलो. पंचांनी शिट्टी दिली.

सदानं नेहमीसारखी तिथंच मारली. मी उडी घेतली आणि जुना खांब जिथं असायचा तिथं माझा हात पोचला, आणि मी थांबलो नाही. त्याच्या पुढं गेलो. खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. मधल्या बोटाच्या टोकाला बॉल लागला, लागला म्हणजे नखाला घासला. बॉल खांबाच्या आतल्या अंगावर दाणकन आपटला आणि मैदानात परत आला. खांब हललासुद्धा नाही.

त्यानंतर काय झालं ते मला तुटक तुटक आठवतं. कुणीतरी मला खांद्यावर घेतलं, कुणीतरी बूट काढून नेला. गुलाल डोळ्यांत गेला. एक मात्र स्वच्छ आठवतं. आमच्या तालमीची पोरं परत बारवर चढायला धावली आणि तिथं आबा दोन्ही हातांत हातोडा धरून उभे होते. चढा म्हणाले, पण उतरताना पायांनी उतराल ह्याचा भरवसा मी देत नाही. एकही पोरगं चढलं नाही.

सिकेरासाहेब गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं, की तो बॉल सोडलास का. मी खरं सांगून टाकलं, खड्ड्यापासून खुंटीपर्यंत. ते मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, की गोली लोक मला नेहमी ऊन डोळ्यांवर आलं म्हणून सांगतात, असं कारण मी पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाले, गोव्यात सगळे गोल चोवीस फुटी आहेत, चालेल काय. चालेल, मी म्हणालो. मग ये, ते म्हणाले.

मी चौदा वर्षं पगारी गोली म्हणून खेळलो. सहा मडगावात, पाच कलकत्त्यात, तीन मुंबईत एका कंपनीच्या संघाकडून. चार बोटं मोडली, एक खांदा कायमचा उतरला, आणि मजा इतकी आली की मोजायची सोय नाही. पण जिथं गेलो तिथं मॅचच्या आधी मी पिशवीतून एक दोरी काढायचो आणि गोल मोजायचो. सोबतचे खेळाडू हसायचे. कलकत्त्यात तर एका पोरानं ती कसल्या तरी देवीची दोरी समजून पाया पडायला सुरुवात केली. मी त्याला कधी खरं सांगितलं नाही. ती दोरी मला कशी मिळाली तेवढं सांगतो आणि थांबतो.

मैदान रिकामं झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. मिरवणूक पुढं गेली होती. मी खांदा धरून आबांना शोधत परत आलो. ते हत्यारं पिशवीत भरत होते. मोडलेला जुना खांब बाजूला पडला होता.

"ह्यो घरी न्हायचाय," ते म्हणाले. "धर."

मी बुडाकडची बाजू धरायला वाकलो. जमिनीत पुरलेला भाग माती झटकल्यावर दिसत होता. तिथं पटाशीनं कोरलं होतं, ज्ञा. सु., आणि खाली साल. एकोणीसशे पासष्ट. माझ्या जन्माचं साल. मी ते वाचलं, परत वाचलं आणि मग आबांकडं बघितलं.

"तुमीच बसवला व्हता?"

आबा खांबावर बसले. मी पण बसलो. मग त्यांनी सांगितलं. मैदानाचं ते त्यांचं पहिलं मोठं काम. उजवा खांब बसवून झाला होता, डाव्याचं माप घ्यायचं होतं, आणि गल्लीतलं एक पोरगं धावत आलं, की मिस्त्री, घरी चला, मुलगा झाला. आबांनी घाईघाईत दोरी टाकली, खुंटी मारली, हाताखालच्या माणसाला खांब रोवायला सांगितलं आणि घराकडं पळाले. दुसऱ्या दिवशी दुपारी, मला मांडीवर घेऊन बसले असताना, त्यांच्या एकदम लक्षात आलं. दोरी त्यांनी उजव्या खांबाच्या आतल्या कडेऐवजी बाहेरच्या कडेला लावली होती. खांबाची जाडी मापात गेली. पाच इंच.

"मग सांगायचं न्हाई काय कुनाला?"

"सत्कार झाला न्हवं त्याच दिशी. नारळ, फेटा. पुढारी म्हनला, असला गोल जिल्ह्यात न्हाई. मी म्हनलं, खरं हाय." आबा हसले. "फेट्यात तोंड लपवून घरी आलो. म्हनलं, एकांदा पावसाळा गेला की मोडंल, मग नीट करू. सागवान बी आनून ठिवलं. मोडतोय कशाचा? काम पक्कं केलतं न्हवं. एकवीस वर्सं वाट बगितली."

मला हसू आवरेना. मग एकाएकी आवरलं. मला ते मंडईचे लांबचे रस्ते आठवले, आणि ती नऊ वर्षं.

"म्हनून मॅचला आला न्हाईसा कदी?"

 आबा दोरी गुंडाळत होते, एक गाठ बोटावर, दुसरी लोंबती.

"लोक घरी येऊन सांगायची," ते म्हणाले. "तुजा पोरगा असा अडवला, तसा अडवला. सदाची पेनल्टी अडवला. मला आपलं वाटायचं, ह्यातलं पाच इंच माजं हायत. पोराचं किती, ते कसं कळायचं? न बगितल्यालं बरं."

त्या दोन पेनल्ट्या माझ्या डोळ्यांपुढं आल्या. दोन्ही वेळा बॉल बोटांच्या टोकाला लागला होता.  बाप बरोबर होता.

"आन आज?" मी विचारलं.

आबांनी दोरीची गुंडाळी माझ्या हातात ठेवली आणि खांबाचं एक टोक उचललं.

"आज सगळं तुजं," ते म्हणाले. "पयला सोडलास, त्योबी."